शिंपीमामाचा हलता दात

आमचा मामा शिंपी, आणि दोरा तोडणार तो दातानंच. कात्री हाताशी असली तरी म्हणायचा, "कात्री कापडासाठी असते." मामी कपाळाला हात लावायची.

मग आमवातानं त्याची बोटं धरली. सुई धरवेना. साऱ्या गावाला बटणं लावून देणाऱ्या माणसाच्या शर्टाची बटणं मामी लावायची आणि तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. मला ते बघवत नसे.

सांध्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं आणि हळूहळू बोटं वळू लागली. शिवाय हिरड्यांतून रक्त यायचं तेही थांबलं! "एका दगडात दोन पक्षी," मामानं जाहीर केलं आणि दात साफ करून घ्यायला जाणं बंद करून टाकलं. शहाणाच तो!

पुढे वरचा समोरचा एक दात हलू लागला. सूज नाही, ठणका नाही. पण शरीरात कुठे जंतू शिरले तर इंजेक्शन थांबवावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं; कुणाला कळलं तर ते बंद करतील, या धास्तीनं मामा गप्प. दोरा आता दाढेनं तोडायचा, मान अशी वाकडी करून की गिऱ्हाइकं विचारायची, "मान अवघडली का हो?"

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतःचा पांढरा कोट न्यायला आल्या. मी तिथेच बसले होते. शेवटचं बटण झालं आणि घाईत सवयीनं घात केला. मामानं दोरा पुढच्याच दातात धरून हिसका दिला. दोरा तुटला नाही. मामा मात्र "आई गं!" करून मटकन खाली बसला.

"आ करा," बाई म्हणाल्या.

"आधी कोट घालून बघा ना."

"काका, आ करा!"

त्यांनी मोबाईलचा उजेड टाकला. "सांध्यांच्या त्या इंजेक्शननं हिरड्यांची सूज दबली, रक्त थांबलं. पण दातांवरची घाण औषधानं जाते होय? तिनं आतलं हाड पोखरलंय. हा दात काढावा लागेल."

"हवे तर सगळे काढा," मामा म्हणाला, "पण इंजेक्शन बंद करू नका."

बाईंनी तिथूनच सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मामा श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"एक इंजेक्शन थोडं पुढे ढकलू," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "दात काढू, हिरड्या साफ करू. जखम भरली की इंजेक्शन पुन्हा सुरू."

मामा ढसाढसा रडायला लागला. मामी आतून धावत आली. "अहो, एक दात तर जाणार! लहान पोरासारखं रडताय काय?"

"दाताला कोण रडतंय?" मामा म्हणाला आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरून मुठी मिटून, उघडून दाखवू लागला.

मग मामीही रडायला बसली.