छातीभर पाण्यातला एलिसेओ

आमच्या बेटावर एलिसेओ लुमापास डावा पाय ओढत चालतो, आणि तो का ओढतो हे कुणी विचारत नाही. त्याच्या वयाच्या कोळ्यांमध्ये असे पाय बरेच आहेत. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाला लांब नळी जोडायची, ती दातांत धरायची आणि मासे मारायला खोल तळाशी जायचं, अशी तेव्हाची रीत होती. एकदा वर नळीला पीळ पडला, हवा तुटली आणि एलिसेओ तळापासून सरळ वर आला. इतक्या घाईने वर येणाऱ्याला समुद्र माफ करत नाही. बोटीवर घेतलं तेव्हा कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

त्याची बायको पुरिता त्या रात्री देवळात गेली आणि तिने मारिया मातेला नवस बोलला. हा जगला तर पुन्हा छातीच्या वर पाण्यात जाणार नाही, आणि दर वर्षी सणाला मी देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जाईन. एलिसेओ जगला. एक पाय परत आला, दुसरा अर्धाच आला. पुरिता दर सणाला गुडघ्यांवर गेली. तिच्या थोरलीची मी धर्ममाता, त्यामुळे वेदीपाशी तिला उठवायचं काम माझं. तिच्या गुडघ्यांची सालं मी पाहिली आहेत.

पुढे बेटावर पर्यटक येऊ लागले. रामिल नावाच्या आमच्याच मुलाने स्कूबाची बोट काढली, आणि एलिसेओ तिच्यावर टाक्या भरायला, नांगर टाकायला लागला. पाठीवर टाकी बांधून श्वास कसा घ्यायचा, हेही रामिलने त्याला शिकवलं, पण छातीभर पाण्यात उभं करून. डॉक्टरांची उथळ पाण्याला मनाई नव्हती. मनाई नवसाची होती. खलाशी त्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणत आणि चिडवायचे, "नोंग, बायकोच्या घागऱ्याखालून बाहेर या की!" तो हसून म्हणायचा, "मी कधीचा उतरलो असतो रे. पण हिचा नवस."

मागच्या फेब्रुवारीत क्रूझचं मोठं जहाज खाडीबाहेर थांबलं. त्यातले सहा पाहुणे रामिलच्या बोटीवर आले. जेवणाचं काम पुरिताचं आणि माझं होतं. पाहुण्यांत वाउटर आणि मार्ग्रीट हे हॉलंडचं जोडपं होतं. वाउटर चाकांच्या खुर्चीत. मोटारसायकलच्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले होते; म्हणजे होते, पण त्याचे नव्हते. तो हातांनी पोहायचा. बदकाच्या पायांसारखे पडदे असलेले हातमोजे त्याने घातले होते. पाय पाण्यात भरकटू नयेत म्हणून मार्ग्रीटने ते पट्ट्याने एकत्र बांधले. ही दोघं नेहमी एकमेकांचे जोडीदार म्हणून उतरत. पण जहाजावर मार्ग्रीटला सर्दी झाली होती. तिने दोनदा डोकं पाण्याखाली घातलं आणि दोन्ही वेळा कान धरून वर आली.

रामिलला बाकीच्या चौघांना पाण्याखालच्या खोल कड्यापाशी न्यायचं होतं. एकट्याने कुणी उतरायचं नाही, हा त्याचा नियम. संध्याकाळी जहाज निघणार होतं. वाउटर पाय बांधून तसाच बसून राहिला.

रामिल म्हणाला, "नोंग, तुम्ही जा ना याच्याबरोबर. इथे पाचच मीटर आहे. नारळाच्या झाडाच्या निम्मंसुद्धा नाही."

"गेलो असतो रे. पण हिचा नवस."

खलाशी हसले. वाउटरने काय झालं ते विचारलं. रामिलने सांगितल्यावर तो म्हणाला, "ज्यांना नवस बोलला त्यांना विचारता नाही का येणार?"

पुरिता म्हणाली, "मारिया मातेला बोलले आहे. तिला विचारायचं म्हणजे मलाच विचारायचं." मग तिने त्या बांधलेल्या पायांकडे पाहिलं. तिच्या हातात माशांच्या सारातला डाव होता. तो तिने भांड्याच्या काठावर झटकला. "जा तू. तिचं आणि माझं आम्ही बघून घेऊ."

खलाशांनी टाळ्या पिटल्या. मी एलिसेओकडे बघत होते. त्याचा चेहरा भिजवलेल्या तांदळासारखा पांढरा झाला.

"माझा पाय..."

"त्याचे तर दोन्ही नाहीत," पुरिता म्हणाली.

"त्या टाकीचा वॉशर गळतोय."

"सकाळीच बदललात की, नोंग," रामिल म्हणाला.

एलिसेओने टाकी चढवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि वाउटरच्या मागोमाग तो नांगराच्या दोरीला धरून खाली गेला. रामिल आपल्या चौघांना घेऊन दुसऱ्या बाजूने उतरला.

पाणी स्वच्छ होतं. मी काठावरून खाली बघत राहिले. पुरिता बघत नव्हती. ती जपमाळ घेऊन बसली होती.

एलिसेओ छातीभर पाण्याच्या थोडा खाली गेला आणि थांबला. दोन्ही हातांनी त्याने दोरी कवटाळली होती. त्याचे बुडबुडे उकळत्या भातासारखे भराभर वर येत होते. वाउटर प्रवाळापर्यंत पोहत गेला, त्याने वळून पाहिलं आणि तो परत आला. त्याने एलिसेओला ओढलं नाही. समोर तरंगत एक हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच थांबला. पुरिताची जपाची एक फेरी पूर्ण झाली तरी तो हात तिथेच होता. बुडबुडे हळूहळू विरळ झाले. मग एलिसेओने दोरीवरचा एक हात काढला, आणि नंतर दुसराही.

तोवर रामिलही परतला होता. वर आल्यावर वाउटर आनंदात होता. तो रामिलला म्हणाला, "यांनी मला कासव दाखवलं."

"मी काही दाखवलं नाही," एलिसेओ म्हणाला. "त्यानेच मला नेलं." मग पाण्यातला चष्मा काढून तो पुरिताकडे वळला. "पुरी, मला भीती वाटत होती. आजच नाही, पहिल्यापासून. तुझा नवस नसता तरी मी उतरलो नसतो."

पुरिताने जपमाळ खाली ठेवली. "इतकी वर्षं माझे गुडघे सोलले. गावाने मला तुरुंगवाली म्हटलं. आणि तू माझ्या नवसाआड गार सावलीत बसला होतास?"

"हो."

"मेल्या, मला तरी सांगायचंस! नवसात तुझी भीती जावी हेही मागितलं असतं!"

मार्ग्रीट घाबरून रामिलकडे बघायला लागली. तो म्हणाला, "जेवण तयार आहे म्हणतायत."

नारळाच्या पातीत विणून शिजवलेला भात मी सगळ्यांना वाढला. एलिसेओला पुरिताने वाढलं नाही, मी वाढलं. घरीही चारेक दिवस ती त्याच्याशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होती. पाद्रीबाबांनी तिला नवसातून मोकळं केलं, तरी त्याच्यावरचा तिचा राग काही उतरला नाही.

आता एलिसेओ कधीकधी उतरतो. पाच मीटर, त्याहून खोल नाही. एखाद्या दिवशी तो पाण्याकडे बराच वेळ बघतो आणि रामिलला म्हणतो, "आज नको." रामिल दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.