राजांची पाठ

बस्त्याव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या रुवी भागातल्या माझ्या ऑफिसात चहा ढवळत होतो. गाला भागातल्या संगमरवराच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं, असं त्याची बायको फिलोमिना सांगत होती. फोन ठेवल्यावरही मी चहा ढवळतच राहिलो... त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघे वसईचे, एकाच आळीतले. बस्त्याव मुंबईत शिल्पकला शिकत असताना त्याचे वडील आजारी पडले, शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि तो मस्कतला येऊन वीस वर्षं स्वयंपाकघरांचे संगमरवरी ओटे कापत राहिला. इथल्या कुरुम भागातल्या एका बंगल्यात ओटा बसवताना, देश सोडून निघालेल्या बाईंनी रद्दीत काढलेलं जाडजूड पुस्तक त्याला दिलं. प्राचीन माया लोकांच्या शिल्पांचं. तिथून गडी कामातून गेला. आमच्या शुक्रवारच्या गप्पांत उतरत्या कपाळाचे, लांबलचक नाकाचे ते राजे येऊन बसले. "यांच्याकडे लोखंड नव्हतं रे पास्कू, दगडानं दगड कोरला. आणि काही कारागीर कामावर नाव घालायचे," तो म्हणायचा. "मी इतके ओटे कापले, माझं नाव कुठाय?" ओट्यावर घाल, वहिनी त्यावर कांदा चिरतील, अशी मी त्याची चेष्टा करायचो.

नाताळात माझ्याकडे येशूजन्माचा गोठा मांडतात. इथले वसईकर तो बघायला येतात. चार वर्षांपूर्वी बस्त्यावने त्यासाठी बाळ येशूच्या दर्शनाला येणारे तीन राजे इथल्याच चुनखडीत कोरून आणून दिले. दोन महिने सुट्ट्या घालवून केलेले, हुबेहूब माया राजे. नाताळला तो गोठा बघायला येण्याआधी कुणीतरी त्यांच्या नाकांना हसलं, मग सगळेच हसले, आणि मला लाज वाटली. मी दुकानातले प्लास्टरचे राजे पुढे मांडले आणि त्याचे तिघे मागे पेंढ्यात सरकवले, भिंतीला पाठ लावून. तो आला, बराच वेळ बघत राहिला. "गोठा छान झालाय," एवढंच म्हणाला आणि केक न खाता गेला.

पुढे त्याने मला एकही दगड दाखवला नाही. माफी मागायला वेळ मिळाला नाही असं म्हणणं सोपं आहे, पण खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात कपाटावरचं गोठ्याचं खोकं उतरवलं. त्याचे राजे पुसायला घेतले, तर तिघांच्याही पाठीवर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: बस्त्याव, वसई. मी फिलोमिनाला फोन केला.

"राजे बाळाकडे तोंड करून उभे असतात ना, पास्कूभाऊ," ती म्हणाली. "बघणाऱ्यांना पाठच दिसते. म्हणून ह्यांनी नाव तिथं घातलं. दुसरं कशावरच नाही घातलं."

आता ते तिघे माझ्या बैठकीच्या टेबलावर आहेत, दाराकडे पाठ करून. येणारे विचारतात, तोंडं पलीकडे का? मी म्हणतो, जवळ जाऊन वाचा.