कुणाच्याच मापाची नसलेली खुर्ची

माझ्या सासऱ्यांना सगळे मापवाले म्हणतात. ते सुतार आहेत आणि फक्त खुर्च्या करतात. गिऱ्हाईक आलं की त्याला आधी पातळ फळ्यांच्या चवडीवर बसवायचं. पाय लोंबले तर फळी काढायची, गुडघे वर आले तर घालायची, आणि माणूस नीट टेकला की चवडीची उंची पेन्सिलीने कारखान्याच्या भिंतीवर लिहायची. चाळीस वर्षांची ही रीत. अख्ख्या गावाचे गुडघे तुमच्या भिंतीवर आहेत, असं मी म्हणते तेव्हा ते कानावरची पेन्सिल उगीचच काढून पुन्हा ठेवतात.

गेल्या दोन वर्षांत त्या भिंतीवर जेमतेम पाच ओळी वाढल्या होत्या. दुकानात तयार खुर्च्या मिळत असताना फळ्यांवर बसायला कोण येतंय? एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "वर्षाअखेर कुलूप लावू. भिंत रंगवून जागा कुणाला तरी देऊन टाकू." आवाजात दुःखबिख काही नाही, मीठ मागावं तसं बोलले. मला त्याचीच भीती वाटली. हा माणूस रंधा खाली ठेवून घरात बसला तर सहा महिन्यांत वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवरा म्हणाला, बाबांची मर्जी. असली मर्जी मला मान्य नाही. मी हस्तकलेच्या प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घेऊन टाकला आणि मग घरात सांगितलं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तीन दिवस बघू. नवं माप आलं तर ठीक, नाहीतर कुलूप."

स्टॉल आठ फूट बाय सहा. चार खुर्च्या मावतील, पाचवी ठेवली तर आम्ही बाहेर उभं राहायचं. पण चार आणायच्या कुठून? त्यांनी केलेली प्रत्येक खुर्ची ज्याची त्याच्या घरी गेलेली. कारखान्यात उरल्या होत्या तीन. शाळेतल्या एका अगडबंब मास्तरांसाठी केलेली रुंद खुर्ची, जी न्यायला मास्तर राहिलेच नाहीत. एका शिंपिणीसाठी केलेली बिनहातांची. ती गाव सोडून गेली. आणि एका मुलीची, जी खुर्ची होईपर्यंत वीतभर वाढली. घरातली सगळ्यात देखणी खुर्ची सासूबाईंची. बुटकी, हातांवर तळवे घासून घासून आलेली चकाकी. मी नुसतं तिच्याकडे बघितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आणि मी तीन दिवस काय खुंटीवर बसू?"

मग मी बाबांना म्हटलं, एक नवीन करा. मधल्या मापाची. सगळ्यांना चालेल अशी.

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही हो. दाखवायला."

त्यांचं घोडं तिथेच अडलं. चार दिवस ते लाकडाभोवती नुसते फिरत होते. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्यांनी सतरा इंचांची खुर्ची केली. पाठीवर माझ्या हट्टाने नक्षीही घातली. सासूबाईंनी एकदाच बघितली आणि म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड."

पहिल्या दिवशी माणसं आली, नक्षीवरून हात फिरवला, बसली. आणि आमच्या मापवाल्यांनी काय करावं? खाली वाकून त्यांचे पाय बघितले आणि सांगितलं, "ही तुम्हाला होणार नाही. पाय लोंबताहेत." दुसऱ्याला, "तुमचे गुडघे वर येतात. नका घेऊ." एक गृहस्थ तर अशाच सहा हव्यात म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बाबांनी विचारलं, "बसणार कोण कोण? सहा जण घेऊन या. सहाही सारख्या कशा होतील?" गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि ते चालते झाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंडपात लोक होते, तरी मी म्हटलं, "तुम्हाला कुलूपच लावायचं होतं तर तसं सांगायचं. मला कशाला नाचवलंत?" ते फडकं घेऊन खुर्चीचे पाय पुसत राहिले. स्वच्छच होते ते. मला माझी लाज वाटली, पण माफी मागण्याइतकी अजून वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. दमल्या होत्या, म्हणून त्या नव्या खुर्चीवरच बसल्या. त्यांचे पाय जमिनीपासून चांगले तीन बोटं वर लटकले. बाबांनी डबा सोडायचा थांबवला, सवयीने बरोबर आणलेल्या फळ्यांतल्या दोन टेबलाखालून ओढल्या आणि त्यांच्या पायांखाली सरकवल्या.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं या माणसाने माझे पाय लोंबू दिले नाहीत. तुझ्या खुर्चीने दिले."

मी त्या फळ्यांकडे बघत राहिले. चूक बाबांची नव्हती, माझी होती. आम्ही खुर्ची आणली होती आणि मापवाल्यांना घरी ठेवून आलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चारही खुर्च्या टेम्पोत घालून परत पाठवल्या. स्टॉलमध्ये दोनच गोष्टी ठेवल्या. एका बाजूला सासूबाईंची खुर्ची, आत सासूबाई; दुसऱ्या बाजूला फळ्यांची चवड. मागे एक पांढरा पुठ्ठा टांगला.

"मला मांडून ठेवताय?" सासूबाई कुरकुरल्या. "विकायला नाही ना?"

"घेणार कोण?" बाबा म्हणाले. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं हसणं.

आधी लोक लांबूनच बघत होते. मग एक बुटकी नर्स आली. चवडीवर बसली. बाबांनी एक फळी काढली, दुसरी काढली, तिसरी अर्ध्या इंचाची घातली. तिचे तळवे जमिनीवर टेकले तशी तिने वाकून आपल्याच पायांकडे बघितलं. म्हणाली, "मला वाटायचं, माझेच पाय आखूड आहेत."

"पाय बरोबर आहेत," बाबा म्हणाले. "खुर्च्या चुकीच्या होत्या."

त्यानंतर रांग लागली असं मी म्हणणार नाही, पण पुठ्ठ्यावर संध्याकाळपर्यंत अकरा मापं झाली. त्यातली चार पक्की. एकाने नंतर नाही म्हणून कळवलं, म्हणजे तीन धरा.

आवराआवर करताना बाबांनी मला हाक मारली. "सूनबाई, एक राहिलंय. बस."

"आता? टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे."

मी ताडमाड उंच. सासरची प्रत्येक खुर्ची मला ठेंगणी, गुडघे पोटात घेऊन बसायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, दारावरच्या पोस्टमनचंही माप भिंतीवर आहे, माझं नाही. ही गोष्ट मला किती लागली होती ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मात्र तोंडातून निघूनच गेलं, "अकरा वर्षांनी आठवण झाली?"

बाबा फळ्या रचत होते. "तू बसतेस कधी?" ते म्हणाले. "कडेवर टेकतेस, उठायच्या तयारीने. उभ्या माणसाचं माप घेता येत नाही."

मी बसले. त्यांनी एक फळी घातली, आणखी एक घातली. माझ्या गुडघ्यांमधली कळ हळूहळू गेली तेव्हा कळलं, की ती इतकी वर्षं होती. माझे डोळे भरले आणि मला त्याचाही राग आला.

"एकोणीस," बाबा म्हणाले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं.

"आणि कुलूप?" मी विचारलं.

"हातातल्या खुर्च्या पुऱ्या केल्याशिवाय कुलूप कसं लावू? चार इतरांच्या, एक तुझी."

मी नाक पुसलं. "माझी घाई नाही, बाबा. माझी सगळ्यात शेवटी करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं, कारण त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि वाद घातला नाही.

त्याला दोन वर्षं झाली. पुठ्ठ्यावरची मापं कारखान्याच्या भिंतीवर उतरली, आणि माझ्या ओळीखाली सव्वीस ओळी वाढल्या. माझी खुर्ची अजून झालेली नाही. मी आपली रोज गुडघे पोटात घेऊन बसते, आणि मजेत बसते.