वाकडं बसलेलं पुस्तक

पप्पा पुस्तकं बांधायचे. पुस्तकाच्या पाठीला गरम सरस लावला, की तो गार व्हायच्या आत पाठ सरळ करून पुस्तक शिकंज्यात आवळावं लागे. तेवढी दहा मिनिटं दाराला आतून कडी. बाहेर पाहुणा असो नाहीतर आई, पप्पा एकच ओरडायचे, "सरस लागलाय!" काय ते आम्ही समजून घ्यायचं.

एका रविवारी पाळकांनी सांगितलं, की येशू मरायला टेकलेल्या मुलीकडे निघाला होता, तरी वाटेत एका आजारी बाईसाठी थांबला. आपलं काम अडवणारा माणूसही कधीकधी देवानेच धाडलेला असतो. घरी येताना पप्पा म्हणाले, "पाळकांना बोलायला काय जातंय? त्यांचा सरस वाळत नाही."

त्याच आठवड्यात चर्चचं मोठं गीतपुस्तक बांधायला आलं. मी पानं धरून उभी होते. पप्पांनी सरस फासला आणि दार वाजलं.

"सरस लागलाय!"

जिन्यावरून पावलं उतरू लागली, एक जड, एक हलकं. पप्पांचा ब्रश हातातच राहिला. आमच्यात लंगडत चालणारे एकटे थोरले काका. आजीच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघा भावांनी अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"पप्पा, पुस्तक!" मी म्हणाले.

पप्पांनी चिकट हातांनीच कडी काढली. "दादा!"

काका खालच्या पायरीवर थांबले. "तुझा सरस वाळेल."

"वाळू दे. वर ये."

दुसऱ्या दिवशी काकांचं पोटाचं ऑपरेशन होतं. त्याआधी भावाला भेटावंसं वाटलं, इतकंच. दोघं रडले. मला मात्र पुस्तकाचीच काळजी लागली होती, याची आज लाज वाटते.

पुस्तक वाकडं बसलं ते बसलंच. पाळकांनी चालवून घेतलं. काका ऑपरेशनमधून सुखरूप उठले आणि पुढे नऊ वर्षं दर रविवारी पप्पांना डिवचत राहिले, "हेच का रे तुझं नावाजलेलं काम?"

मग पप्पा गेले. त्यानंतर आलेले नवे पाळक म्हणाले, हे पुस्तक फारच वाकडं दिसतं, पुन्हा बांधून घेऊ.

काकांनी ते उचलून छातीशी धरलं. "याला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "हे माझ्यासाठी वाकडं झालंय."