मामांची मेन लाइन

बोईसर-पालघर परिसरातील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, हृदय हा एक पंप आहे, आणि तो चालवण्याची खरी अक्कल डॉक्टरांना नसून माझ्या मामेसासऱ्यांना आहे.

मामा तारापूरच्या एका रसायन कारखान्यात पाइप फिटरांचे फोरमन होते. निवृत्त होऊन सालवडला राहतात, पण नजर अजून ड्युटीवर. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून ते आचाऱ्याच्या गॅसची नळी तपासतात. बारा वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली, तेव्हा भेटायला येईल त्याच्यापुढे सदरा उघडून नवी लाइन कुठून कुठे टाकलीय हे ते बोटाने दाखवत. बायकांनासुद्धा!

मध्यंतरी मात्र बाजारातून येताना दर पन्नास पावलांवर थांबायचे. मी विचारलं, ‘‘मामा, छातीत दुखतंय का?’’

‘‘छ्या! ते वेल्डिंग बघ. गाढवानं केलंय.’’

बघतो तर समोर शेवग्याचं झाड.

मामींनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘गॅस हाय.’’ मामींचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्यांनी चूल बंद ठेवली. आधी तपासणी, मग जेवण. पालघरच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली आणि सांगितलं, ‘‘बायपासच्या दोन नळ्या बंद पडल्यात. नुसत्या गोळ्यांवर आता भागणार नाही. पुन्हा बायपास करता येईल, पण त्यात धोका जास्त. त्यापेक्षा हातातून तार घालून स्टेंट बसवू.’’

‘‘कंच्या लाइनीत? बायपासच्या का मेन?’’

‘‘तुमच्या मूळच्या रक्तवाहिनीत.’’

‘‘मंग ठीक! बायपास चोकली तर आमीपन मेन लाइनच उगडायचो.’’

तरीही संमतिपत्रावर सही करेनात. खिशातून कारखान्यातल्यासारखं, हाताने आखलेलं वर्क परमिट, म्हणजे कामाचा परवाना, काढलं. ‘‘परमिटशिवाय आमी लाइनीला हात लावू देत नाय.’’ डॉक्टरांनी हसत ‘काम करणारा’ या रकान्यात सही केली. ‘बाहेर उभा राहणारा’ या रकान्यात मामींनी केली, आणि स्टेंट बसेपर्यंत त्या दारापासून खरोखरच हलल्या नाहीत. बाकावरसुद्धा बसल्या नाहीत.

आठवड्याने डॉक्टरांनी हळूहळू जिने चढायला परवानगी दिली. मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तोवर दोघं आमच्याकडे तळमजल्यावर होते. दारापाशी पोचल्यावर मामा स्वतःच्या छातीकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, ‘‘अगं, दुकलं नाय!’’

कुलपात किल्ली घातलेला मामींचा हात तसाच थांबला.

‘‘म्हंजे इतके दिवस दुकत व्हतं?’’