होडीचा वाटा

आमच्या घरात शुक्रवारी सकाळी कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियम होता. पडलंच तर बघणार कोण? अब्बा पहाटेच समुद्रावर गेलेले असत आणि नवरा समुद्रावर गेला म्हणून अम्मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असे.

शनिवार ते गुरुवार अब्बा दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात एका स्पेअर पार्टच्या दुकानात स्टोअरकीपर होते. बेअरिंग, पट्टे, ऑइल सील आणि दिवसभर "येस सर, नो सर". मूळचे रत्नागिरीकडचे, बापजाद्यांपासून मासेमारी करणाऱ्या घरातले. "सहा दिवस मी दुकानाचा, एक दिवस माझा," असं ते म्हणायचे आणि ते अगदी खरं होतं. दोरी, गरी आणि शिसं घेऊन गरवायला गेलेले अब्बा आणि काउंटरमागचे अब्बा ही दोन वेगळी माणसं होती. एक हसायचा, शिव्या द्यायचा, गाणी म्हणायचा. दुसरा जेवून झोपायचा.

होडी फायबरची होती, सेकंड हँड. अब्बा आणि रायगडचा एक सुतार, ज्याला आम्ही चाचा म्हणायचो, अशा दोघांनी पैसे घालून घेतलेली. पण परदेशी माणसाच्या नावावर होडी होत नसे, म्हणून कागदोपत्री ती एका म्हाताऱ्या स्थानिक गृहस्थांची होती. ते इंजिनाचे पार्ट घ्यायला दुकानात यायचे, तिथली ओळख. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी झकास. सगळे त्यांना अरबाब म्हणायचे, म्हणजे मालक. त्यांनी नाव दिलं आणि वर एक दिरहमसुद्धा घेतला नाही. असा माणूस हजारात एक, हे अम्मीसुद्धा कबूल करायची, आणि अम्मी सहसा काही कबूल करत नसे.

आता गोष्ट इथे आहे. आमच्या गावी होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीवरच्या प्रत्येक माणसाचा एक वाटा आणि एक वाटा होडीचा. होडीचा वाटा जातो होडीच्या मालकाच्या घरी. अब्बांनी ही रीत दुबईत आणली. धक्क्यावर तीन ढीग घालायचे. एक स्वतःचा, एक चाचाचा, एक होडीचा. आणि तो तिसरा, त्यातल्या त्यात चांगली मासळी निवडून, अरबाबच्या दारात नेऊन द्यायचा. दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी.

अम्मीचं डोकं फिरायचं. "होडी तुमची, इंजिन तुमचं, पेट्रोल तुमचं आणि वाटा त्यांचा? भेट म्हणून द्या की! होडीचा वाटा कशाला म्हणता?"

"नाव त्यांचं आहे ना होडीवर? मग वाटाही त्यांचाच. रीत म्हणजे रीत."

"एक दिवस ही रीत तुमच्या गळ्याशी येईल."

अम्मीच्या जिभेवर तीळ होता की काय, अल्ला जाणे.

मग नियम यायला लागले. आधी धक्क्यावर होडी बांधायची फी वाढली. दुसऱ्या वर्षी परत वाढली. अम्मी दिरहमला दहाने गुणून मोठ्याने रुपये सांगायची आणि म्हणायची, एवढ्या पैशात बाजारातली सुरमई रोज खाल्ली असती. मग सापळे लावायला बंदी आली, फक्त दोरी चालेल. मग फोटो लावलेलं कार्ड. प्रत्येक वेळी चाचा म्हणायचा, "खलास, आता बस्स." आणि प्रत्येक वेळी अब्बा कुठून तरी पैसे काढायचे, रांगेत उभे राहायचे, कार्ड घेऊन यायचे. ईदचे कपडे एका वर्षी झाले नाहीत, ते का झाले नाहीत हे मला बरोबर माहीत होतं.

शेवटी एक नियम असा आला की त्यावर पैसे काढून उपयोग नव्हता. होडीवर एक तरी स्थानिक माणूस हजर पाहिजे. नुसतं कागदावर नाव चालणार नाही.

अब्बा अरबाबकडे गेले. म्हाताऱ्याला साखरेचा आजार, दोन्ही डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. "मैं आएगा," ते म्हणाले. "घर में मेरे को क्या काम है? बहू लोग टीव्ही देखता है, मैं दीवार देखता है."

तर होडीत पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली. ती दोरीने बांधली, खुर्चीत अरबाब बसले आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला माझी नेमणूक झाली. नववीत होते मी.

"अब्बा, इट्स माय ओन्ली हॉलिडे!"

"माझीपण एकच आहे. यल्ला, चल."

कायद्याने तो आंधळा म्हातारा आमचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, आणि ज्याला पाण्याचा रंग बघून तळ कळायचा, तो माझा बाप त्याचा नोकर. मला तेव्हा भयंकर राग यायचा. पण त्या दोघांना काही वाटतच नसे! अरबाब दोरी बोटावर गुंडाळून बसायचे आणि मासा ओढायला लागला की लहान मुलासारखे ओरडायचे, "आया, आया! हबीबी, पकड!" एकदा एवढी मोठी शेरी लागली की खुर्चीसकट कलंडले. मी छत्री सोडून त्यांना धरलं आणि छत्री गेली समुद्रात. आम्ही चौघं इतके हसलो की बाजूच्या होडीवाले बघत राहिले. त्या दिवशी मी छत्रीचा अर्धा वाटा मागितला आणि मिळवलाही. होडीचा वाटा मात्र वेगळा पडला. अरबाबना माणसाचा एक आणि होडीचा एक, असे दोन वाटे.

चार-पाच वर्षं असं चाललं. मग अरबाब वारले. अब्बा दफनाला गेले आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

काही आठवड्यांनी अरबाबच्या थोरल्या मुलाचा फोन आला. बँकेत अधिकारी होता, अतिशय सभ्य. वारसांच्या वाटण्या चालल्या होत्या आणि वडिलांच्या नावावर एक होडी निघाली होती. अब्बा मला घेऊन गेले, कारण तो इंग्रजी बोलायचा आणि मी तेव्हा कॉलेजात होते. अब्बांना वाटलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं म्हणून बोलावलं असेल. जाताना मिठाईसुद्धा घेतली होती.

त्याने कॉफी दिली, खजूर दिले. अब्बांनी सांगितलं की पैसे आम्ही घातलेत. पावती? पावतीही अरबाबच्याच नावाची, तसंच करावं लागायचं. मग जे बोलला, ते आजही माझ्या कानात आहे.

"अंकल, मी खोटं नाही बोलणार. वडिलांनी मला यातलं काही सांगितलं नाही. आम्ही नऊ वारस आहोत, त्यात माझ्या विधवा बहिणीपण आहेत. मी त्यांना काय सांगू? मी तर दर शुक्रवारी तुम्हाला बघायचो. एकदा मीच दार उघडलं होतं. विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, हा होडीचा वाटा, होडी ज्याची त्याच्या घरी जातो. होडी तुमची होती, तर तुम्ही तो आमच्या घरी का आणत होता?"

मी उसळले. "इट वॉज रिस्पेक्ट! तुमच्या वडिलांचा मान ठेवला आणि तुम्ही..."

अब्बांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. "गप. तो बरोबर बोलतोय."

जिन्यात मी रडत होते, संतापाने. अब्बा शांत होते. "मी तसं बोललो होतो," एवढंच म्हणाले. मिठाई तिथेच राहिली होती. घरी अम्मीला सगळं कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. पण त्या रात्री भांडीसुद्धा हळू ठेवली तिने.

चाचा त्याच वर्षी रायगडला परत गेला. अब्बांनी मग किनाऱ्यावरून गरवायचं कार्ड काढलं. त्याचीही फी वाढत गेली, मग एकेक किनारा कुंपणात गेला, आणि साठी झाल्यावर कंपनीने व्हिसा रद्द केला. खलास. अम्मी-अब्बा गावी गेले. तिथे भावांनी होड्या कधीच विकल्या होत्या आणि ट्रॉलरवर साठीच्या माणसाला कोण घेतंय? इथे परदेशी म्हणून, तिथे म्हातारा म्हणून. माणसाने जायचं कुठे?

माझं लग्न होऊन मी अल कुसैसमध्येच राहिले होते. दोन हजार सालानंतर एकदा अब्बा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले. बॅगेत कपड्यांच्या घडीत दोरी आणि गऱ्या होत्या. मी कार्डासाठी चौकशी केली. काउंटरवरच्या पोराने पासपोर्ट उघडला, मिटला आणि म्हणाला, "व्हिजिट वाल्यांना नाही, फक्त रेसिडेंट." तीस वर्षं या गावात घाम गाळलेल्या माणसाला! मी भांडायच्या बेतात होते. "राहू दे," अब्बा म्हणाले, "तो नोकरी करतोय." महिनाभर ते संध्याकाळी ममझरच्या किनाऱ्यावर जाऊन हात मागे बांधून उभे राहायचे. दोरी बॅगेतच राहिली.

अब्बा आले आहेत हे अरबाबच्या मुलाला दुकानातल्या कुणीतरी सांगितलं. एका शुक्रवारी तो स्वतः आला, थर्माकोलचा खोका घेऊन. हमूर, शेरी, सगळी मासळी बर्फात घातलेली. वयाने भरला होता, बापासारखा दिसायला लागला होता. अब्बांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना.

"अपनी होडी का है?" अब्बांनी विचारलं. अपनी म्हणाले ते.

तो ओशाळला. "नाही अंकल, मार्केटमधलं आहे. होडीचं काय सांगू? वारसांचं एकमत होईना, म्हणून विकलीही नाही. आम्हाला कुणाला मासेमारीचा नाद नाही. घरामागे पडून आहे. उन्हाने तळ फुटला."

"कब से?"

"तेव्हापासून. समुद्रात गेलीच नाही."

अब्बांनी मान हलवली. त्याला चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली, खाली गाडीपर्यंत सोडायला गेले. परत आले ते सरळ स्वयंपाकघरात. जमिनीवर पेपर पसरला, खोका उपडा केला आणि ढीग घालायला लागले. हात आपोआप चालत होते. एक ढीग, दुसरा ढीग, मग निवडून निवडून तिसरा.

माझी मुलगी दारात उभी होती. "नाना, हू इज दॅट वन फॉर?"

अब्बांनी तिच्याकडे बघितलं, मग तिसऱ्या ढिगाकडे. मग दोन्ही हातांनी तिन्ही ढीग एकत्र लोटले.

"कुणाचा नाही," ते म्हणाले. "घे गं, सगळं एकदमच शिजव."

मी शिजवलं. आम्ही सगळे जेवलो. अब्बांनी मात्र नुसता वरण-भात मागून घेतला.