वरचा वारा

आईची रबरी शेकपिशवी आवरताना तिच्या वासाने मला रनाळ्याच्या शेतात नेलं.

युद्धाचे दिवस होते. श्रावणात एक फाटका रबरी फुगा आभाळातून कपाशीत पडला. त्याला डबी बांधलेली होती. शाळामास्तर असलेले माझे वडील तिच्याकडे निघाले.

"मास्तर, मांगे सरा! बाँब शे तो!" माणसं बांधावरून ओरडली.

आईने माझा हात शेजारणीच्या हाती दिला. "त्या ऐकाव नहीत. मीबी जास." वडील ऐकणार नाहीत, मीही जाते, असं ती म्हणाली. तेव्हा वाटलं, ती त्यांना अडवायला चालली आहे.

वडिलांनी डबी उघडून आतली चिठ्ठी वाचली. "अरे, हे वारा मोजायचं यंत्र! इथे पश्चिमेचा वाहतो, पण खूप वर पूर्वेचा."

सगळे वर पाहू लागले. आई मात्र डोळे मिटून, वडिलांची बाही घट्ट धरून, अजून स्फोटाची वाट पाहत होती.